चित्रखुणांचा संच

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एका टेबलावर हेलिअम-निऑन लेझर ठेवलेला आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर एक सूचनाफलक होता. इंग्रजी भाषेत, दाटीवाटीने छापलेल्या सात ओळी. गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने, किरण नेमका कोठून निघतो ते पाहावे म्हणून, खाली वाकून सरळ लेझरच्या तोंडात पाहिले. सुदैवाने त्या लेझरची शक्ती एक मिलिवॉटहूनही कमी होती. इतक्या शक्तीच्या झगझगीत प्रकाशाने डोळा साधारण पाव सेकंदात आपोआप मिटतो आणि तेवढ्या वेळात इजा होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तपासून काही झालेले नाही असा निर्वाळा दिला. पण लेझर याहून शक्तिमान असता तर? मी तिला विचारले, "अगं, समोरचा फलक वाचला नाहीस का?" ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं काहीतरी असेल."

तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. बारा वर्षे त्या फलकाखाली उभी राहून मी शिकवत आले. तो शेवटपर्यंत कोणी वाचत असेल का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्या आठवड्यात आम्ही ठरवले, की प्रयोगशाळेसाठी चित्रखुणांचा एक संच स्वतः तयार करायचा. द्वितीय वर्षाचे चार विद्यार्थी, मी आणि प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, असे सहा जण या कामाला लागलो. हातात होता एक जुना संगणक आणि 'इंकस्केप' नावाची, कोणालाही विनामूल्य मिळणारी चित्रांकनाची प्रणाली. या कामात भूमिती, प्रकाशशास्त्र आणि गुरुत्वमध्य हे सारे आपल्याला असे भेटेल याची आम्हाला कल्पना नव्हती. ते सारे तुम्हाला सांगावे म्हणून हा लेख.

चित्रखूण म्हणजे एखादी वस्तू, कृती किंवा सूचना अक्षरांवाचून दाखवणारे अगदी साधे चित्र. आपल्या देशाला या गोष्टीची ओळख फार मोठ्या प्रमाणावर झाली ती १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. १९५१ च्या जनगणनेप्रमाणे साक्षरतेचे प्रमाण होते शेकडा १८ च्या आसपास. मतपत्रिका वाचणार कोण? म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवली आणि तिच्यावर त्याच्या पक्षाचे चिन्ह चिकटवले. पुढे निवडणूक आयोगाची कितीतरी चिन्हे एम. एस. सेठी या आरेखकाने पेन्सिलीने काढली. ते १९९२ साली निवृत्त झाले, पण त्यांनी काढलेले पंखे, कंगवे आणि शिवणयंत्रे त्यानंतरही मतदारांपुढे येत राहिली. मेक्सिको शहरातील भुयारी रेल्वेने १९६९ मध्ये हीच युक्ती स्थानकांसाठी वापरली. चापुल्तेपेक या नावाचा अर्थ टोळाची टेकडी. त्या स्थानकाची खूण म्हणजे एक टोळ. ही चित्रे लान्स वायमन या अमेरिकन आरेखकाची.

एकेक चित्र चांगले असणे वेगळे आणि अनेक चित्रे एका घरातली दिसणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीचा वस्तुपाठ १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी जर्मन आरेखक ओटल आयशर यांनी घालून दिला. त्यापूर्वी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळांच्या चित्रखुणांचा संच झालेला होताच. आयशर यांनी काय केले, तर आधी चौकटींची एक जाळी आखली. माणसाचे डोके म्हणजे एक गोल. हात, पाय आणि धड म्हणजे ठरावीक जाडीच्या पट्ट्या. आणि या पट्ट्या आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत कललेल्या, एवढ्याच. इतक्या मोजक्या सामग्रीतून त्यांनी धावणारा, पोहणारा, तलवार चालवणारा असे सगळे खेळाडू उभे केले. नियम इतके घट्ट, की एक चित्र पाहिले की दुसरे त्याचा भाऊ आहे हे ओळखू यावे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकनेही हीच चित्रे वापरली.

आमच्या संचाची यादी आम्ही फळ्यावर लिहिली: लेझर, विजेचा धक्का, तापलेली वस्तू, किरणोत्सारी पदार्थ, डोळ्यांना चष्मा लावा, येथे खाऊ-पिऊ नका, फुटलेल्या काचेचा डबा, हात धुवा. एकूण आठ. यादी करताना एक निर्णय मात्र आम्ही उशिरा घेतला, तो आधी घ्यायला हवा होता. जेथे आंतरराष्ट्रीय खूण ठरलेली आहे तेथे आपली अक्कल चालवायची नाही. पिवळा त्रिकोण म्हणजे धोक्याचा इशारा, निळे वर्तुळ म्हणजे 'हे कराच', लाल वर्तुळ आणि त्यावर तिरकी पट्टी म्हणजे 'हे करू नका', हिरवा आयत म्हणजे सुरक्षित मार्ग वा मदत. हे संकेत जगभर एकच आहेत. उद्या आमची विद्यार्थिनी एखाद्या कारखान्यात किंवा रुग्णालयात कामाला लागेल, तेव्हा तिला तेथेही हीच खूण भेटली पाहिजे.

किरणोत्सारी पदार्थाची तीन पाकळ्यांची खूण तुम्ही पुस्तकात पाहिली असेल. ती १९४६ साली अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झाली. तिची भूमिती अगदी नेमकी ठरलेली आहे. मधल्या ठिपक्याची त्रिज्या 'त' मानली, तर पाकळ्या केंद्रापासून दीड त अंतरावर सुरू होतात आणि पाच त अंतरावर संपतात. प्रत्येक पाकळी ६० अंशांची आणि दोन पाकळ्यांमधील मोकळी जागाही ६० अंशांची. एक पाकळी सरळ खाली, दोन वर.

ही खूण सुंदर आहे, लांबून ओळखू येते. पण जिला तिचा अर्थ ठाऊक नाही अशा व्यक्तीला ती काय सांगते? फूल? पंखा? २००० सालच्या आरंभी थायलंडमध्ये बँकॉकजवळच्या समुत प्राकान येथे कोबाल्ट-६० असलेले एक जुने वैद्यकीय यंत्र भंगारात गेले. त्यावर तीन पाकळ्यांची खूण होती. ज्यांनी ते फोडले त्यांना तिचा अर्थ माहीत नव्हता. तिघांचा मृत्यू झाला. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चाच उद्गम पोहोचला आणि एका कामगाराचा बळी गेला. समुत प्राकानसारख्या अपघातांमुळे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक नवी जोडखूण तयार करवली. भारतासह ११ देशांतील १६५० माणसांना चित्रे दाखवून ती पारखली गेली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर झाली. लाल त्रिकोणात वरून किरण सोडणाऱ्या तीन पाकळ्या, खाली कवटी व हाडे, आणि बाणाच्या दिशेने पळणारा माणूस. चित्र म्हणून ती जुन्या खुणेइतकी देखणी नाही, हे माझे मत. पण ती वाचायला शिकावे लागत नाही. धोकादायक उद्गमाच्या अगदी जवळ, यंत्र उघडू पाहणाऱ्याला दिसेल अशा जागी ती लावायची असते.

आता संगणकाकडे वळू.

संगणकावर चित्र साठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली ठिपक्यांची. चित्राचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाचा रंग नोंदवायचा. छायाचित्रे अशी साठवतात. समजा, एका इंचात ३०० ठिपके या हिशेबाने तुम्ही १ सेंटिमीटर रुंदीची चित्रखूण साठवली. तिच्या रुंदीत सुमारे ११८ ठिपके बसतील. हीच खूण १ मीटर रुंदीच्या फलकावर छापली, तर ठिपका वाढून साडेआठ मिलिमीटरांचा होईल आणि वर्तुळाच्या कडेला पायऱ्या दिसू लागतील. दुसरी रीत रेषांची. येथे चित्र साठवतच नाहीत. चित्र काढण्याची कृती साठवतात. 'या सहनिर्देशकांवर केंद्र, इतकी त्रिज्या, असे वर्तुळ काढ' एवढेच वाक्य धारिकेत असते. ते १ सेंटिमीटरला लागू आहे तसेच १ मीटरलाही. इंकस्केप ही दुसऱ्या जातीची प्रणाली. ती २००३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या धारिका 'एसव्हीजी' या खुल्या पद्धतीत राहतात. अशी धारिका साध्या लेखन-प्रणालीत उघडून पाहा. आकृतीऐवजी तुम्हाला आकड्यांच्या ओळी दिसतील. तुमच्या आलेखाच्या वहीतले सहनिर्देशकच ते.

सरळ रेषेला दोन बिंदू पुरतात. वक्ररेषेचे काय? यासाठी फ्रान्समधील दोन मोटार कारखान्यांत, गाडीच्या पत्र्याचे बाक आकड्यांत मांडण्याच्या गरजेतून, एकच पद्धत स्वतंत्रपणे जन्मली. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये तिचा शोध लावला, पण कारखान्याने ती गुप्त ठेवली. रेनॉमधील पिएर बेझिए यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली, म्हणून नाव पडले बेझिए वक्र.

कागद-पेन्सिल घ्या. अ, ब, क, ड असे चार बिंदू मांडा. वक्र अ पासून ड पर्यंत जाणार. ब आणि क ही केवळ ओढ देणारी टोके, वक्र त्यांच्यावरून जातोच असे नाही. आता अब, बक, कड या रेषाखंडांचे मध्यबिंदू काढा. तीन मिळाले. ते क्रमाने जोडून पुन्हा मध्यबिंदू काढा. दोन मिळाले. त्यांचाही मध्यबिंदू काढा. हा जो शेवटचा बिंदू, तो वक्राच्या मध्यावरचा. थोडे बीजगणित केलेत तर त्याचे स्थान (अ + ३ब + ३क + ड) ÷ ८ येते. करून पाहा, दोन ओळींचे काम आहे. मध्याऐवजी एकतृतीयांश, एकचतुर्थांश असे भाग घेतले की वक्रावरचे इतर बिंदू मिळतात.

येथे आमच्या एका विद्यार्थ्याने एक चांगली शंका काढली. संगणकात वर्तुळाचे रूपांतर मुक्त रेषेत केले, की त्यावर फक्त चार बिंदू दिसतात आणि प्रत्येकाला दोन ओढटोके. म्हणजे वर्तुळाचा चतुर्थांश एका बेझिए वक्राने काढला आहे. मग ओढटोक किती लांब असेल? त्रिज्या १ घेऊ. अ चे सहनिर्देशक (१, ०), ड चे (०, १). अ जवळ स्पर्शिका उभी आहे, म्हणून ब = (१, म); तसेच क = (म, १). वरच्या सूत्राने मध्यबिंदूचा पहिला सहनिर्देशक (१ + ३ + ३म + ०) ÷ ८, म्हणजे (४ + ३म) ÷ ८. हा बिंदू वर्तुळावर ४५ अंशांवर हवा, म्हणजे तो ०.७०७१ असायला हवा. म्हणून ४ + ३म = ५.६५६९ आणि म = ०.५५२३. त्रिज्येच्या निम्म्याहून थोडी अधिक! हे वर्तुळ तंतोतंत वर्तुळ नव्हे. पण चूक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी आहे. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती एका केसाच्या जाडीइतकीही भरत नाही. हाताने वक्र काढताना ०.५५ हा आकडा लक्षात ठेवा, वळणे गुळगुळीत येतील.

आता जाळी. आम्ही ४८ × ४८ घरांची जाळी घेतली, कारण ४८ ला २, ३, ४, ६, ८ या सर्वांनी भाग जातो. रेषेची जाडी ३ घरे, दोन रेषांमधली मोकळी जागा किमान २ घरे, कोपऱ्यांची गोलाई १ घर, आणि कल द्यायचाच तर ४५ अंशांचा. हे चार नियम आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाच्या पडद्यावर चिकटवले, कारण नियम मोडण्याची इच्छा दर पाच मिनिटांनी होते.

पाकळ्यांच्या खुणेपासून सुरुवात केली. इंकस्केपमधील वर्तुळाच्या साधनाला आरंभकोन आणि अंत्यकोन देता येतात, की वर्तुळाऐवजी पोळीचा तुकडा मिळतो. आम्ही एक ६० अंशांचा तुकडा काढला, त्याची प्रत घेऊन १२० अंशांतून फिरवली, आणि पाकळ्या भलतीकडेच जाऊन पडल्या. कारण उघड आहे. तुकडा फिरतो तो स्वतःच्या चौकटीच्या मध्याभोवती, आपल्या मनातल्या केंद्राभोवती नव्हे. फिरवण्याचे केंद्र दर्शवणारी बारीक फुली आधी वर्तुळाच्या केंद्रावर ओढून न्यावी लागते. त्याहून सोपे म्हणजे फिरवायचेच नाही. एकाच केंद्राची तीन वर्तुळे एकावर एक ठेवा आणि त्यांना ६० ते १२०, १८० ते २४० व ३०० ते ३६० असे कोन द्या. येथे कोन घड्याळाच्या दिशेने मोजले जातात, त्यामुळे पहिली पाकळी आपोआप खाली येते. मग दीड त त्रिज्येचे वर्तुळ काढून ते या तिन्हींतून वजा करा. होय, वजा! आकृत्यांची बेरीज, वजाबाकी आणि छेद अशा क्रिया येथे असतात. संचसिद्धांतातले संयोग आणि छेद तुम्ही शाळेत शिकता, तेच हे. शेवटी मधोमध त त्रिज्येचा ठिपका.

ही खूण त्रिकोणात बसवताना आमची दुसरी फजिती झाली. चित्र त्रिकोणाच्या मध्यावर आणण्याची आज्ञा दिली, पण ते वर टांगल्यासारखे दिसू लागले. यंत्राने त्रिकोणाभोवतीच्या चौकटीचा मध्य घेतला होता. ४८ घरांची बाजू असलेल्या समभुज त्रिकोणाची उंची ४१.६ घरे, तिचा मध्य पायापासून २०.८ वर. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य मात्र उंचीच्या एकतृतीयांशावर, म्हणजे १३.९ वर असतो. पुठ्ठ्याचा त्रिकोण सुईच्या टोकावर तोलून तुम्ही हा प्रयोग केला असेल. आपला डोळाही आकृतीला जणू असाच तोलतो. चित्र सात घरे खाली सरकवले आणि ते जागेवर बसले.

डोळ्याच्या या तोलाचे आणखी एक उदाहरण. ४० घरे बाजूचा चौरस आणि ४० घरे व्यासाचे वर्तुळ शेजारी ठेवा. वर्तुळ लहान वाटते. वाटणारच, कारण त्याचे क्षेत्रफळ चौरसाच्या ०.७८५ पटच आहे. म्हणून आम्ही वर्तुळाचा व्यास ४० ठेवला आणि चौरसाची बाजू ३६. क्षेत्रफळे १२५७ आणि १२९६, जवळजवळ सारखी. त्रिकोणाला हा न्याय लावता येत नाही. त्याला ५५ घरांची बाजू लागेल आणि आमची जाळी ४८ ची. तो बिचारा थोडा किरकोळच राहिला.

फलक केवढा छापायचा? येथे अंदाजाने काम करू नका, हिशेब करा. निरोगी डोळा चांगल्या उजेडात साधारण एक कोनीय मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या अंतराने दूर असलेले दोन बिंदू वेगळे ओळखतो. रेडियनमध्ये हे झाले ०.०००२९. प्रयोगशाळेच्या दारातून लेझरचे टेबल ५ मीटरांवर आहे. ५००० मिलिमीटर गुणिले ०.०००२९ बरोबर १.४५ मिलिमीटर. पण प्रयोगशाळेत उजेड बेताचा, आणि सगळ्यांचे डोळे काही ६/६ नसतात. म्हणून तिप्पट घेऊ: ४.४ मिलिमीटर. आमची सर्वांत अरुंद मोकळी जागा २ घरांची, तेव्हा एक घर २.२ मिलिमीटरांचे आणि पूर्ण फलक सुमारे साडेदहा सेंटिमीटरांचा. आता पाकळ्यांची खूण पाहा. त्रिकोणाच्या आत, काळी किनार वजा जाता, सुमारे २२ घरे व्यासाची जागा उरते. पाच त बरोबर ११, म्हणून त = २.२, ठिपका आणि पाकळी यांमधले अंतर अर्धे त, म्हणजे केवळ १.१ घर. आमचाच नियम मोडला! खुणेची प्रमाणे बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही, तेव्हा तो फलकच मोठा केला. १९ सेंटिमीटर. गायगर-म्युलर गणित्राच्या प्रयोगासाठी लागणारे लहान उद्गम ज्या कपाटात कुलूपबंद असतात, त्याच्या दारावर तो बसला.

रंगांनी आमची वेगळीच परीक्षा घेतली. फलक छापून आले, लावले, सगळे खूश. मग मामा म्हणाले, "मॅडम, आतल्या खोलीत एकदा येऊन बघा." आतल्या अंधाऱ्या खोलीत वर्णपटमापीचे प्रयोग चालतात आणि तेथे उजेड असतो फक्त सोडियम दिव्याचा. सोडियमचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. त्या उजेडात पिवळा त्रिकोण पांढऱ्या कागदासारखा दिसत होता, कारण दोन्ही तो प्रकाश सारखाच परावर्तित करतात. गडद लाल आणि निळे दोन्ही काळपट. 'करू नका' चे लाल वर्तुळ आणि 'करा' चे निळे वर्तुळ यांत फरक उरला तो एका तिरक्या पट्टीचा! लाल-हिरवा भेद न ओळखू शकणारे लोकही समाजात असतात, मुलींपेक्षा मुलांत अधिक. तेव्हा रंग हा जादा साक्षीदार समजायचा. अर्थ आकारावर आणि काळ्या-पांढऱ्यातील फरकावर उभा राहिला पाहिजे. आता आम्ही प्रत्येक खूण आधी रंगांवाचून, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात काढतो. आतल्या खोलीसाठी तिरकी पट्टी जाड केली आणि निळ्या वर्तुळातील चित्र पूर्ण पांढरे ठेवले.

राहिली चाचणी. अमेरिकेतील एका मानकाप्रमाणे चित्रखूण पाहणाऱ्यांपैकी किमान ८५ टक्के लोकांना तिचा अर्थ बरोबर सांगता आला पाहिजे, आणि उलटा वा घातक अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून अधिक नसावेत. ४० जणांना विचारलेत तर ३४ जणांचे उत्तर बरोबर हवे आणि घातक चुका दोनपेक्षा जास्त चालणार नाहीत. यातली दुसरी अट मला अधिक मोलाची वाटते. अर्थ न कळलेला माणूस निदान कोणाला तरी विचारतो. उलटा अर्थ कळलेला सरळ हात घालतो.

चाचणी घेताना 'हे लेझरचे चित्र आहे ना?' असे विचारू नका. नुसते चित्र दाखवा, 'हे कोठे लावले असेल आणि ते पाहून तुम्ही काय कराल?' असे विचारा आणि उत्तर जसेच्या तसे लिहून घ्या. ज्यांनी चित्रे काढली त्यांच्या मित्रांना विचारू नका, त्यांनी ती आधीच पाहिलेली असतात. आम्ही कार्यालयातील मंडळी, कला शाखेचे विद्यार्थी आणि बागेचे माळी यांना विचारले. विजेची खूण सगळ्यांनी ओळखली. फुटलेल्या काचेच्या डब्याला बहुतेकांनी कचऱ्याचा डबा म्हटले. ती घातक चूक नसली तरी डब्यात कागद पडू लागले असते, म्हणून डब्यावर तडकलेल्या चंचुपात्राचे चित्र मोठे केले. आणि तापलेल्या वस्तूसाठी आम्ही मोठ्या हौसेने स्वतःचे चित्र काढले होते: खाली पात्र, वर वाफेच्या तीन नागमोडी रेषा. मामांनी ते बराच वेळ निरखले आणि म्हणाले, "म्हणजे इथं चहा मिळतो का?"

कार्यालयातील दोघांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितले. विचार करा, ज्या तापलेल्या तबकडीला हात लावू नये म्हणून खूण, तिच्याकडे लोक कप घेऊन येणार! याच घातक चुकीसाठी ती ५ टक्क्यांची अट आहे. वस्तुतः यासाठी आंतरराष्ट्रीय खूण तयारच होती: त्रिकोणात एक आडवी रेषा आणि तिच्यावर तीन नागमोडी रेषा, पात्र वगैरे काही नाही. आपल्या यादीतला तो नियम आम्ही येथेच मोडला होता. पात्र काढून टाकले, तरीही माळीकाकांना ती तळ्यातल्या लाटांसारखी वाटली. शेवटी मूळ खूण तशीच ठेवून तिच्याखाली दुसरा छोटा फलक जोडला: लाल वर्तुळात तबकडीकडे जाणारा हाताचा पंजा आणि त्यावर तिरकी पट्टी. खाली मराठीत तीन शब्द: 'तापलेले आहे, शिवू नका' असे लिहायला घेतले, ते चार झाले, चालू दिले.

लेझरच्या टेबलामागे आता सात ओळींच्या जागी लेझरचा पिवळा त्रिकोण आहे आणि शेजारी, किरणाच्या उंचीवर आलेला एक डोळा व त्यावर तिरकी पट्टी. तो डोळा ज्या विद्यार्थिनीने रेखाटला ती कोण हे तुमच्या लक्षात आले असेल. तिच्या डोळ्याच्या वरच्या पापणीचा वक्र एकाच बेझिए वक्राचा आहे आणि ओढटोके किती लांब ठेवायची यावर तिने एक दुपार घालवली.

तुम्ही शाळेत असा संच करणार असाल तर आठ खुणांनी सुरुवात करू नका, तीन पुरेत. संगणक नसेल तर आलेखाचा कागद, परकार आणि कात्री घेऊनही हे सारे जमते. आयशर यांच्या वेळी तरी दुसरे काय होते? आमच्या संचातील 'हात धुवा' ची खूण अजून अडलेली आहे. नळ, पाणी आणि दोन हात हे सारे दोन घरांच्या मोकळ्या जागेचा नियम पाळून ३ घरांच्या रेषेत मावत नाहीत. नळ काढून टाकला तर लोक पाऊस म्हणतात. तुम्हाला काही सुचले तर ४८ घरांच्या जाळीवर काढून पाहा, आणि शेजारच्या वर्गातल्या कोणाला तरी, काहीही न सांगता, दाखवा.